मोर्चा झाला, आता तारखेला सोबत कोण जाणार?

हातमाग

नमस्कार. मी मूळची नागपूरच्या मोमिनपुऱ्याची. वडील हातमागावर विणकाम करीत असत. माग बंद पडल्यावर त्यांनी आम्हा बहिणींना शिलाई मशीन घेऊन दिले, आणि आज त्याच मशिनीवर मी वस्तीतील मुलींना शिवणकाम शिकवते. या संस्थळावर मी अनेक वर्षे वाचनमात्र आहे. आज धागा काढण्याचे कारण म्हणजे हिवाळी अधिवेशनावर गेलेला आमचा मोर्चा आणि त्यानंतर उलटलेले महिने.

नागपूरकरांना मोर्च्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. डिसेंबरात विधिमंडळ येथे भरले की यशवंत स्टेडियमपाशी रोज कोणी ना कोणी जमते, झाशी राणी चौकातून व्हरायटी चौकाकडे रांगा निघतात आणि पोलिसांनी ठरवून दिलेल्या पॉइंटवर बॅरिकेड लागते. आमचा मोर्चाही तेथेच थांबला. मोमिनपुरा, हसनबाग, टेका, ताजबाग या वस्त्यांतील आणि सकाळच्या बसने कामठीहून आलेल्या अशा आम्ही दोनशेच्या आसपास स्त्रिया होतो, आणि त्यांतील बहुतेकींच्या आयुष्यातील तो पहिलाच मोर्चा होता. कित्येकींनी घरी ‘शिवणाच्या वर्गाला जाते’ एवढेच सांगितले होते.

आदल्या रात्री माझ्या वर्गात बसून आम्ही फलक रंगवले. कार्डशीटवरचा निळा रंग थंडीमुळे लवकर वाळेना, म्हणून दोन मुली इस्त्री गरम करून ती कागदापासून वीतभर वर धरून बसल्या होत्या. फलक मराठीत लिहायचे की हिंदीत की उर्दूत, यावर बराच वाद झाला. शेवटी मराठीवर एकमत झाले, कारण निवेदन ज्यांच्या हाती द्यायचे त्यांनी ते विनासायास वाचावे, आणि ही भाषा आमचीही आहे. सकाळी फलक वाटताना साठी उलटलेल्या एका खालांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “पहले पढ़ के सुना बेटी, मैं क्या पकड़ के चल रही.” मी वाचून दाखवले: ‘पोटगीचा आदेश झाला, पैसे कधी मिळणार?’ त्यांनी तो फलक घेतला आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही.

निवेदनात सात मागण्या होत्या. पोटगीच्या थकबाकीची वसुली वेळेत व्हावी. नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला वेगळे रेशन कार्ड मिळताना नवऱ्याच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणण्याची सक्ती नसावी, कारण तो दाखला त्याच्या सहकार्याशिवाय मिळतच नाही. दहावीनंतर शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहाच्या जागा वाढाव्यात. घरी बसून फॉल-पिको आणि जरीकाम करणाऱ्या बायकांची कामगार म्हणून नोंद व्हावी. आणि अशाच आणखी तीन. पाच जणींचे शिष्टमंडळ आत गेले, निवेदन दिले आणि शिक्का मारलेली पोच घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात आमचे छायाचित्र आले. त्याखालच्या ओळीत आम्ही तलाकच्या विरोधात रस्त्यावर उतरलो असे लिहिले होते. संध्याकाळी तेच छायाचित्र मोबाइलवर फिरू लागले आणि त्यासोबतच्या मजकुरात आम्ही शरीअतच्या रक्षणासाठी निघालो होतो असे म्हटले होते. आमच्या सात मागण्यांत या दोहोंपैकी एकही गोष्ट नव्हती, आणि फलक तर छायाचित्रात स्पष्ट वाचता येत होते. बुरख्यातील स्त्री रस्त्यावर दिसली की ती कशासाठी आली असेल हे पाहणाऱ्याने आधीच ठरवलेले असते, आणि तिच्या हातातील कागदापर्यंत नजर पोहोचतच नाही. याचे मला फार वाईट वाटले.

तीन महिन्यांनी पत्र आले, की आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. तेवढेच.

मात्र खरी वेदना वेगळीच आहे. मोर्च्यात सर्वांत पुढे चालणारी, घोषणा देऊन घसा बसलेली एक बाई माझ्या वर्गातलीच आहे. तिचे नाव येथे देत नाही. तिला दोन मुले आहेत आणि नवऱ्याने तिला तलाकही दिलेला नाही आणि नांदवायलाही तो तयार नाही. महिना ४,००० रुपये पोटगीचा आदेश झालेला आहे, पण गेल्या १४ महिन्यांत एक रुपया मिळालेला नाही. न्यायालयाच्या दर तारखेला तिचा दिवसाचा रोज बुडतो, ऑटोचे भाडे जाते आणि धाकट्याला शेजारी ठेवावे लागते. गेल्या तारखेला ती एकटी गेली. दोनशे जणी जिच्या मागे चालल्या, तिच्या बाकावर शेजारी बसायला एकही नव्हती, आणि त्यांत मीही नव्हते, कारण त्या दिवशी माझ्याकडे लग्नसराईचे काम होते. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून प्रश्न विचारते. मोर्चा कसा काढायचा हे आपल्या शहराला उत्तम कळते. मोर्च्यानंतरचे काम कसे चालवायचे, याचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुना महालकर

ताई, आपण लिहिते झालात याचा आनंद वाटला. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्याकडे होऊ लागले आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातील गाऱ्हाणी या शहराने पाहिली आहेत. बॅरिकेडचा विषय निघालाच आहे, म्हणून २३ नोव्हेंबर १९९४ ची आठवण काढतो. गोवारी बांधव निवेदन स्वीकारायला कोणी तरी येईल याची वाट पाहत मॉरिस कॉलेजच्या परिसरात थांबले होते. कोणी आले नाही आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, ज्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. मी त्या संध्याकाळी सीताबर्डीहून घरी परतत होतो आणि रस्त्यावर पडलेल्या चपला मी आजही विसरलेलो नाही. निवेदन हातोहात घेतले जाणे ही साधी वाटणारी गोष्ट या शहराने फार मोठी किंमत देऊन मिळवलेली आहे. तेव्हा आपल्या हाती असलेली ती पोच जपून ठेवा आणि तिच्या आधारे माहितीच्या अधिकारात अर्ज करून निवेदन नेमके कोणत्या टेबलावर आहे ते विचारा.

एक शंका मात्र आहे. पोटगीचा प्रश्न जमातीच्या पातळीवर वडीलधाऱ्यांना बसवून सोडवता येत नाही का? न्यायालयात वर्षे जातात.

सत्यशोधक वाचक

मूळ लेख अतिशय प्रामाणिक आहे, तरीही एका मुद्द्यावर आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. तलाकचा विषय निवेदनात नव्हता हे धागाकर्तीने काहीशा समाधानाने सांगितले आहे असे मला वाटले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांच्या विरोधात होता. सात ही संख्या आज लहान वाटते, पण त्या सात जणींना घराबाहेर पाऊल टाकताना काय सोसावे लागले असेल याची कल्पना करून पाहावी. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे पोटगीविषयीच्या १९८५ च्या शाहबानो निकालानंतर मंडळाने तलाक मुक्ती मोर्चा काढला, तो कोल्हापुरातून निघून नागपूरपर्यंत आला होता. दलवाई १९७७ मध्येच गेले होते, पण त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाभाभींनी ते काम पुढे चालवले. म्हणजे हा प्रश्न घेऊन मुस्लिम स्त्रिया आपल्या शहरात यापूर्वीच येऊन गेल्या आहेत.

माझे म्हणणे असे, की नवऱ्याला एकतर्फी तलाक देण्याचा अधिकार असतो तोवर पोटगी मागणारी प्रत्येक स्त्री भीतीच्या छायेत असते. २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला, पण महिन्या-महिन्याच्या अंतराने दिला जाणारा एकतर्फी तलाक त्या निकालाने संपलेला नाही. मूळ तसेच ठेवून फांद्यांना पाणी घातल्यासारखे होऊ नये, एवढीच चिंता आहे.

कामठीची शिक्षिका

मी या मोर्च्यात होते. त्याआधी २०१८ च्या सुरुवातीला तीन तलाकला गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाविरुद्ध राज्यात ठिकठिकाणी स्त्रियांचे जे मोर्चे निघाले, त्यांपैकी एकातही मी चालले होते. मालेगावात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर जमलेल्या गर्दीची चित्रे सर्वांनी पाहिली असतील. त्या वेळी आम्हाला कोणी तरी पढवून पाठवले असे सर्रास म्हटले गेले. काही जणी सांगण्यावरून आल्या होत्या, हे मी नाकारत नाही. मी मात्र विधेयकाचा मसुदा वाचून गेले होते. तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद वाचून माझ्या मनात एकच प्रश्न होता: तो आत गेला तर मुलांची फी कोण भरणार, आणि सासर त्या सुनेला दारात उभे करील का? शिवाय बायकोला तलाक न देता सोडून देणारा नवरा कोणत्याही धर्माचा असो, केवळ सोडून दिले म्हणून त्याच्यावर फौजदारी खटला होत नाही. मग एकाच समाजातील नवऱ्याचा तलाक गुन्हा का?

सत्यशोधक दादा, तीन तलाक वाईट आहे याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. माझ्या चुलत बहिणीला तो फोनवरून दिला गेला आहे. तरीही मी त्या विधेयकाच्या विरोधात चालले, आणि या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकाच वेळी असू शकतात हे लोकांना समजावून सांगताना मी दमून जाते.

इंदोरा_उत्तर नागपूर

हातमागताई, आपल्या मोर्च्याला पाणी देणाऱ्यांत आमच्या वस्तीतील काही मुली होत्या, म्हणून लिहिण्याचा थोडा हक्क समजते.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित स्त्रियांची परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाषणाला उभे राहिले होते. त्या परिषदेने जे ठराव केले त्यांत पत्नीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, आणि गिरण्यांत व बिडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना रजा व संरक्षण मिळावे, या मागण्या होत्या. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला, म्हणजे त्याच्या तेरा वर्षे आधी. माझी आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती आणि आईचा हात धरून त्या मांडवात गेली होती. ती सांगत असे, की भाषणातले तिला फारसे कळले नाही, पण इतक्या बायका एका ठिकाणी बसलेल्या तिने आयुष्यात प्रथमच पाहिल्या.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की घटस्फोटाचा हक्क आणि मजुरी या दोन गोष्टी त्या बायकांनी एकाच कागदावर लिहिल्या होत्या. आधी कोणते आणि नंतर कोणते, असा वाद त्यांनी घातला नाही.

तारखेला सोबत येण्यास मी तयार आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी माझी दुपारची पाळी असते, त्यामुळे सकाळ मोकळी असते.

धंतोलीची वकील

मी गेली अठरा वर्षे कौटुंबिक प्रकरणे चालवते. येथे काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते, आणि त्यांतील एक तातडीची आहे, म्हणून तीच आधी लिहिते.

आपण १४ महिन्यांची थकबाकी म्हटले आहे. वसुलीचा अर्ज दाखल झालेला आहे का? पोटगीचा आदेश मिळाला म्हणजे न्यायालय आपणहून पैसे वसूल करील असा पुष्कळ स्त्रियांचा समज असतो. तसे होत नाही. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीसाठी अर्ज करावा लागतो. वर्षाहून जुन्या थकबाकीसाठी वॉरंट काढता येत नाही. म्हणजे अर्ज झाला नसेल, तर पहिल्या दोन महिन्यांची रक्कम या मार्गाने मिळण्याची मुदत उलटली आहे, आणि दर महिन्याला आणखी एक हप्ता हातातून निसटत राहील. अर्ज केल्यावरही नवऱ्याने पैसे दिले नाहीत, तर प्रत्येक महिन्याच्या थकीत रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. या तरतुदीचा धाक बऱ्यापैकी असतो. वॉरंट निघाले की नातेवाईक पैशांची जुळवाजुळव करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता महालकर काकांच्या शंकेविषयी. जमातीत बसून मिटलेली प्रकरणे मी पाहिली आहेत आणि काही ठिकाणी तडजोड न्याय्यही झाली आहे. पण तेथे ठरलेली रक्कम नवऱ्याने चार महिन्यांनी थांबवली तर तिच्या हाती कोणताही कागद नसतो. म्हणून माझा सल्ला असा, की बोलणी जरूर करावीत, मात्र ठरलेले लेखी स्वरूपात न्यायालयात नोंदवून घ्यावे.

मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते की नाही, हा घोळ ज्या प्रकरणातून वाढला ते शाहबानो प्रकरण पुन्हा एकदा आकड्यांतून पाहण्यासारखे आहे. इंदूरच्या त्या वयोवृद्ध बाईंनी १९७८ मध्ये वकील असलेल्या नवऱ्याकडून महिना ५०० रुपये मागितले होते. खालच्या न्यायालयाने २५ रुपये मंजूर केले आणि उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. देशभर वादळ उठले ते या १७९ रुपयांवरून. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम कायम ठेवली, १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला, २००१ मध्ये दानियल लतिफी प्रकरणात त्या कायद्याचा अर्थ असा लावला गेला की इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक प्रतीक्षेच्या, काळात नवऱ्याने करायची तरतूद ही पत्नीच्या पुढील आयुष्याचाही विचार करून केलेली असली पाहिजे, आणि १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा निःसंदिग्धपणे सांगितले, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. तेच कलम आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने आले आहे. आपल्या वर्गातील बाईंचा तर तलाकच झालेला नाही, तेव्हा त्यांच्या बाबतीत वादाला जागाच नव्हती.

कामठीच्या बाजींच्या मुद्द्याला पुस्ती जोडते. तीन तलाकविषयीच्या २०१९ च्या कायद्यात स्त्रीला आणि मुलांना निर्वाह भत्ता देण्याची तरतूदही आहे, पण तिच्याविषयी बोलले जाते फार कमी. माझ्याकडे येणाऱ्या मुस्लिम स्त्रियांत तीन तलाक दिलेल्या थोड्या असतात आणि अधांतरी ठेवलेल्या पुष्कळ. त्यांच्यासाठी १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. दोन वर्षे नवऱ्याने निर्वाह चालवला नाही, तर तेवढ्या कारणावरून पत्नीला विवाह संपवून घेता येतो. ८० वर्षांहून जुना हा कायदा वस्तीत फारसा कोणाला माहीत नसतो. त्याची माहिती देणारी एक पानाची पत्रिका काढली तर मी मजकूर तपासून देईन.

शेवटचे म्हणजे, स्त्री पक्षकाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच तसे लिहिले आहे.

हातमाग

वकीलताई, आपला प्रतिसाद वाचून मी लगेच तिला फोन केला. वसुलीचा अर्ज झालेला नाही. पुढे काय करायचे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि ती ज्या तारखांना जात होती त्या नवऱ्याने पोटगी कमी करावी म्हणून केलेल्या अर्जाच्या निघाल्या. दोन महिन्यांचे ८,००० रुपये गेले. तिच्या हिशेबाने ते म्हणजे सुमारे चारशे साड्यांना फॉल लावण्याचे काम. आम्ही सात मागण्यांचे निवेदन करत बसलो आणि आमच्याच बाईचा कागद आम्ही उघडून पाहिला नाही, याची मला शरम वाटते.

सत्यशोधक दादांना उत्तर द्यायचे आहे. निवेदनात तलाकचा विषय नव्हता हे मी समाधानाने लिहिले असे आपल्याला वाटले, आणि विचार केल्यावर आपले म्हणणे काही अंशी खरे आहे असे जाणवते. बैठकीत हा विषय निघाला होता. एकतर्फी तलाकवर मागणी घालावी असे चार-पाच जणी म्हणाल्या, आणि मीच त्यांना थांबवले, कारण ती मागणी घातली तर बाकीच्या मागण्या कोणी वाचणार नाही आणि वस्तीतील अर्ध्या बायकांना घरून येऊ दिले जाणार नाही, असे मला वाटले. येऊ न देण्याची भीती खोटी नव्हती, पण गप्प बसण्याचा निर्णय त्या चार-पाच जणींच्या वतीने मी घ्यायला नको होता. १९६६ च्या सात जणी एवढा हिशेब करत बसल्या असत्या तर निघाल्याच नसत्या. पुढच्या बैठकीत हा विषय मोकळेपणाने मांडला जाईल. तरीही एक विनंती करते. आमच्यातल्या कोणी रेशन कार्डासाठी उभी राहिली तर ते फांदीचे काम आहे असे कृपया म्हणू नये. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडायचे की नाही याचा निर्णय ती महिन्याच्या धान्यावरून करते. धान्य मिळणार असेल तरच ती तलाकच्या भीतीला सामोरी जाऊ शकते.

सत्यशोधक वाचक

ताई, ‘फांदी’ हा शब्द मी मागे घेतो. १९८५ च्या निकालामागेही शेवटी महिन्याच्या खर्चाचीच मागणी होती, हे वकीलताईंनी दिलेल्या आकड्यांवरून माझ्या नीट लक्षात आले.

सदरवाला

माझी बहीण घटस्फोटित आहे. प्रतिसाद देण्यासारखी माहिती माझ्याकडे नाही, पण माझा ऑटो आहे. मोमिनपुरा किंवा टेका येथून तारखेच्या दिवशी न्यायालयात नेण्या-आणण्याचे काम मी भाडे न घेता करीन. आदल्या दिवशी येथे निरोप ठेवावा.

जुना महालकर

वकीलताई, जमातीविषयीची माझी शंका दूर झाली. लेखी कागदाचे महत्त्व मला आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे तरी आधीच कळायला हवे होते. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे द्यावे. अक्षर अजून चांगले आहे आणि वेळही आहे.

कामठीची शिक्षिका

एक गोष्ट राहिली होती, ती सांगते. २०१९-२० च्या हिवाळ्यात दिल्लीच्या शाहीन बागेत नागरिकत्व कायद्याविरुद्ध बायका तीन महिन्यांहून अधिक काळ बसल्या होत्या, १५ डिसेंबरपासून २४ मार्चपर्यंत, तेव्हा माझ्या शाळेतील एका मराठी सहकारी शिक्षिकेने मला विचारले होते, की तुमच्या बायकांना इतके दिवस घराबाहेर राहू कसे देतात? मी तिला सांगितले, की स्वयंपाक आणि मुलांची शाळा यांच्या पाळ्या लावल्या की जमते. नव्वदीकडे झुकलेल्या आजीपासून कडेवरच्या मुलापर्यंत सगळ्यांनी ते असेच निभावले असेल असे मला वाटते. आपल्याला आता हेच करायचे आहे, फक्त लहान प्रमाणावर. तारखेच्या दिवशी मुलांना शाळेतून कोण आणणार, जेवण कोण घालणार, न्यायालयात कोण बसणार, हे एका वहीत लिहून ठेवू. मी शनिवारी कामठीहून येते आणि वही आणते.

हातमाग

माहितीसाठी लिहीत आहे. वसुलीचा अर्ज काल दाखल झाला. बारा महिन्यांचे ४८,००० रुपये मागितले आहेत. सदरवाल्या भाऊंनी सकाळी नऊला ऑटो आणला, इंदोऱ्याच्या ताई न्यायालयाच्या दारातच भेटल्या, आणि दुपारी अडीचपर्यंत आम्ही तिघी एका बाकावर बसून होतो. नवऱ्याकडची मंडळी समोरच होती. नेहमी ही मंडळी आपल्याजवळ येऊन काही तरी ऐकवून जात असत, असे ती म्हणाली. काल कोणी जवळ आले नाही.

वहीत आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. शनिवारी वर्गात आणखी तिघी आपापले आदेश पिशवीतून घेऊन आल्या. एकीने तो कुराणशरीफच्या कपाटात वर ठेवला होता आणि मिळाल्यापासून तो कोणाकडून वाचूनही घेतला नव्हता. तारीख पाहिली, तर या महिनाअखेरीला तिची अकरा महिन्यांची थकबाकी होते. वकीलताई, सोमवारी थोडा वेळ देऊ शकाल का?

धंतोलीची वकील

सोमवारी सकाळी साडेदहाला या. मूळ आदेशाची साक्षांकित प्रत, आधार कार्ड, आणि नवऱ्याने मध्ये कधी पैसे पाठवले असतील तर बँकेच्या पासबुकाची पाने सोबत आणावीत. बाकी दोघींनाही त्याच वेळी घेऊन या, एकाच बैठकीत तिन्ही अर्ज तयार करू.